पोल्ट्री शेडसाठी गरम हवेची भट्टी: हिशेबापासून पहिल्या पेटवणीपर्यंत

थंडीतल्या ब्रूडिंगसाठी, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्यासाठी, भट्टी बांधणारे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी जुना ड्रम येतो, मग त्याला पाइप, मग मिळेल तो ब्लोअर. पहिल्या कडाक्याच्या रात्री लक्षात येतं की लाकूड भसाभस जळतंय, धुराडं लालबुंद झालंय आणि पिल्लं मात्र एकमेकांवर चढून बसली आहेत. मग उपाय काय, तर आणखी मोठा ड्रम. खरं तर ड्रमचा नंबर शेवटी येतो. आधी उष्णता किती लागते ते काढायचं, मग ती पळते कुठून ते बघायचं, मग जळण ठरवायचं, आणि त्यानंतर लोखंड विकत घ्यायचं.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, कळमेश्वर, उमरेड, मौदा या भागात नेहमी दिसणारी ५,००० पक्ष्यांची उघड्या बाजूंची शेड मी उदाहरणाला घेतली आहे: ३० फूट रुंद, १६५ फूट लांब, वर पत्रा, बाजूंना जाळी आणि पडदे. तुमची शेड वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

टप्पा १: उष्णतेचा हिशेब

पिल्लं पूर्ण शेडमध्ये सोडायची नाहीत. पहिल्या आठवड्यात एक तृतीयांश भाग पुरतो, म्हणजे ३० बाय ५५ फूट, साधारण १५३ चौरस मीटर. मधे आडवा पडदा टाका. वर ७ फुटांवर ताडपत्रीचं किंवा विणलेल्या प्लास्टिकचं खोटं छत बांधा.

आत पिल्लाच्या उंचीवर ३२ अंश हवेत. बाहेरचं तापमान हिशेबाला ८ अंश धरा. नागपुरात थंडीत बऱ्याच रात्री पारा १० ते १२ पर्यंत उतरतो, काही रात्री त्याखाली जातो. म्हणजे फरक २४ अंशांचा.

आता एक चौरस मीटर जागेतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट निघून जातात ते बघा. उघडा पत्रा किंवा एकेरी पडदा: ६ ते ७. तीन-चार इंच अंतर ठेवून लावलेला दुहेरी पडदा: सुमारे ३. पत्र्याखाली खोटं छत: सुमारे ३. नऊ इंची विटेची भिंत: सुमारे २.

दुहेरी पडदा आणि खोटं छत धरून आपला हिशेब असा येतो. चारही बाजूंचे मिळून १०९ चौरस मीटर पडदे, गुणिले ३, गुणिले २४ म्हणजे ७.९ किलोवॅट. छत १५३ गुणिले ३ गुणिले २४ म्हणजे ११ किलोवॅट. पिल्लांना ताजी हवा लागतेच; पहिल्या आठवड्यात तासाला एका पिल्लामागे ०.१६ घनमीटर धरा, म्हणजे ५,००० पिल्लांना ८०० घनमीटर. एक घनमीटर हवा एक अंश तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात, म्हणून त्यासाठी ६.३ किलोवॅट. फटींतून येणाऱ्या वाऱ्यासाठी ५, जमिनीसाठी ३. बेरीज ३३ किलोवॅट.

त्यावर वीस टक्के वाढवा आणि ४० किलोवॅटवर थांबा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. तशी रात्र पुन्हा आली तर हा भार ३९ वर जातो, म्हणजे ४० ची भट्टी तीही रात्र काढून देते.

इशारा: "असू दे थोडी मोठी" म्हणून ८० किलोवॅटची भट्टी बांधू नका. आपल्याकडची थंडी रात्रीची आहे. जानेवारीतही दुपारी पारा २८ वर असतो आणि शेडला जेमतेम ५ ते ६ किलोवॅट लागतात. मोठी भट्टी मग दिवसभर दबून धुमसत राहते, आणि धुमसणारं लाकूड उष्णता कमी आणि डांबर जास्त देतं. ते डांबर नळ्यांत आणि धुराड्यात बसतं आणि एखाद्या रात्री पेट घेतं.

टप्पा २: भट्टीआधी शेड बंद करा

हाच हिशेब एकेरी पडदे आणि उघड्या पत्र्यावर करून बघा: पडद्यांतून १५.७, पत्र्यातून २५, आणि उंची वाढल्यामुळे फटींची गळतीही दुपटीहून जास्त. एकूण भार ६० किलोवॅटच्या वर जातो. म्हणजे खोटं छत आणि दुसरा पडदा मिळून जवळपास निम्मी भट्टी वाचवतात, तीही रोज रात्री आणि दर बॅचला. ताडपत्रीचा खर्च टाळून लाकडावर पैसे घालवणं मला कधीच पटलेलं नाही.

पडदा खालून वर सरकणारा असावा, म्हणजे ताज्या हवेसाठी वरून उघडता येतो आणि थंड झोत पिल्लांवर पडत नाही. खालची कड बुटक्या भिंतीवर किमान फूटभर उतरलेली आणि पट्टीने दाबलेली हवी.

तपासा: संध्याकाळी शेड बंद करून आत उदबत्ती घेऊन पडद्यांच्या कडेने फिरा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. कोपरे आणि दरवाजाची खालची बाजू सोडू नका.

टप्पा ३: जळण ठरवा

भट्टीचा आकार जळणावरून ठरतो, म्हणून हे आधी. हवेत नीट वाळलेल्या लाकडाच्या किलोतून साधारण ४.२ किलोवॅट-तास मिळतात. बाभूळ चांगली, जड आणि सावकाश जळणारी. ओलं लाकूड ४० टक्के पाण्याचं असेल तर किलोमागे पावणेतीनच्या आसपास मिळतात, शिवाय धूर.

४० किलोवॅट हवेत गेले पाहिजेत आणि भट्टीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर जळणातून ६१.५ किलोवॅट यायला हवेत. म्हणजे पूर्ण जोरावर तासाला साधारण १४.६ किलो लाकूड. नेहमीच्या थंड रात्री, संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ, दीडशे किलोच्या आसपास लागेल. तेवढं वाळलेलं लाकूड एका बॅचला पुरेल इतकं छपराखाली आहे का, ते मोजा. नसेल तर भट्टीची घाई करू नका.

पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) फुकट मिळते म्हणून थेट भट्टीत कोंबण्याचा मोह होतो. ती भुर्रकन जळते आणि रात्रभर माणूस जागा ठेवावा लागतो. पऱ्हाटीचे ढीग शेतालगत साठवले की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, हे कापूसवाल्यांना सांगायला नको. पऱ्हाटी वापरायचीच तर ब्रिकेट (दाबून केलेले ठोकळे) करून वापरा. धानाचं तूस भंडारा-गोंदियाकडून भरपूर येतं, पण साध्या जाळीवर ते नीट जळत नाही, राखेखाली दबतं. ते लिटरसाठीच, म्हणजे पिल्लांखालच्या अंथरणासाठीच, ठेवा.

तपासा: एक किलो लाकडाच्या बारीक चिरफळ्या करा आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये वजन कमी होणं थांबेपर्यंत वाळवा. ८०० ग्रॅम उरलं तर ओलावा २० टक्के, चालेल. ७०० उरलं तर ते लाकूड यंदाचं नाही, पुढच्या वर्षीचं.

टप्पा ४: जाळाची पेटी

आतून ४५ बाय ५५ सेंटीमीटर, उंची एक मीटर. तळाला बिडाची जाळी ३० बाय ४० सेंटीमीटर, सळ्यांमध्ये १० ते १२ मिलिमीटर फट. पेटीच्या भिंती खाली तिरप्या करून जाळीपर्यंत आणा, म्हणजे निखारे कोपऱ्यात न विझता मधे सरकतात.

अस्तर फायर ब्रिकचं (उष्णता सोसणाऱ्या विटेचं), साडेचार इंच जाड, आणि जोडाला फायरक्लेचा मॉर्टर. सिमेंट-वाळूचा जोड या उष्णतेला काही दिवसांतच भुगा होतो. विटेच्या मागे दोन इंच सिरॅमिक वूल, त्याबाहेर पत्रा. अस्तर पाहिजेच. लाकडाचे वायू पूर्ण जळायला पेटी आतून लालसर तापलेली लागते; उघड्या लोखंडी ड्रमला बाहेरून गार हवा लागली की ज्वाळा अर्ध्यावर थंडावते आणि न जळलेला वायू धूर होऊन निघून जातो.

हवा दोन ठिकाणांहून द्या. एक जाळीखालून. दुसरी निखाऱ्यांच्या वर वीतभर उंचीवर, मागच्या भिंतीतल्या आडव्या फटीतून. दोन्हींना वेगळी झाकणं. दोन्ही पूर्ण उघडल्यावर मिळून ३०० चौरस सेंटीमीटर जागा पुरते. वरची हवा विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. काळा धूर दिसला की लोक खालचं झाकण आणखी उघडतात, लाकूड आणखी वेगाने वायू सोडतं आणि धूर वाढतो. अशा वेळी खालचं थोडं बंद आणि वरचं थोडं उघडं करायचं असतं.

टप्पा ५: उष्णता हवेला देणारा भाग

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. भट्टी कार्यक्षम ठरते ती इथे, आणि शेडमध्ये विषारी वायू शिरतो तोही इथूनच.

नळ्यांच्या आतून धूर, बाहेरून शेडची हवा. धूर साधारण ७५० अंशांवर आत येतो आणि १८० वर बाहेर पडला पाहिजे. हवा २७ वर येऊन ६५ वर निघाली पाहिजे. धूर वरून खाली आणि हवा खालून वर, अशी उलट दिशा ठेवली तर दोन्हींमधला सरासरी फरक ३५० अंशांच्या आसपास राहतो. नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या अशा भट्टीत चौरस मीटरमागे दर अंशाला १० वॅट धरावेत. ४०,००० भागिले १० भागिले ३५०: साडेअकरा, म्हणजे ११ ते १२ चौरस मीटर पृष्ठभाग.

तो असा जमतो: ७६ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या, दीड मीटर लांबीच्या २४ नळ्या, म्हणजे ८.६ चौरस मीटर. जाळाच्या पेटीच्या डोक्यावर बिनाअस्तराचा पोलादी कप्पा, अडीच-तीन चौरस मीटर. नळ्या बारा-बाराच्या दोन फेऱ्यांत लावा. सगळ्या एकाच फेरीत लावल्या तर धूर इतका हळू सरकतो की नळीच्या मध्यातून गरम तसाच निघून जातो. दुसऱ्या फेरीच्या नळ्यांत पिळलेली लोखंडी पट्टी सोडा. धूर ढवळला जातो आणि पट्टी ओढून काढली की निम्मी काजळीही निघते.

साहित्य काळ्या एमएस (साध्या पोलादाच्या) नळीचं घ्या. पहिली फेरी ४ मिलिमीटर जाड, दुसरी ३ चालेल. नागपुरातल्या इतवारीच्या लोहा ओळीत जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) नळी स्वस्त मिळाली तरी इथे लावू नका. जस्त ४२० अंशांना वितळतं, त्याची वाफ वेल्डरलाही बाधते आणि पुढे शेडलाही.

आता जोडणी. दीड मीटरची नळी ३०० अंशांनी तापली की पाच मिलिमीटरहून जास्त लांब होते. बाहेरचं कवच तेवढं तापत नाही, म्हणून तेवढं वाढत नाही. दोन्ही टोकांच्या प्लेटा कवचाला पक्क्या वेल्ड केल्या तर ही ओढाताण वेल्डिंगवर येते, आणि पाच-पंचवीस वेळा तापून-निवून झाल्यावर जोड तडकतो. फक्त एका टोकाची प्लेट कवचाला पक्की करा. दुसरी मोकळी सरकू द्या आणि भोवती सिरॅमिकची दोरी दाबून बसवा. प्लेट किमान ८ मिलिमीटर जाड घ्या. फॅब्रिकेटर म्हणेल की सगळं वेल्ड केल्याशिवाय मजबूत होत नाही. त्याला हा मुद्दा कागदावर काढून दाखवा आणि अडून राहा.

दुसरी अट याहून महत्त्वाची. ब्लोअर नळ्यांच्या आधी बसवा, नंतर नाही. आधी बसवला की हवेच्या बाजूला दाब असतो आणि धुराच्या बाजूला धुराड्याची ओढ. उद्या एखादा जोड तडकलाच तर शेडची हवा धुरात जाईल. ब्लोअर नळ्यांच्या पुढे लावून गरम हवा ओढायला लागलात तर तोच तडा धूर शेडमध्ये खेचेल.

इशारा: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि ब्रूडिंगच्या रात्री शेडमध्ये माणूस झोपलेला असतोच. दाबाची बाजू बरोबर असली तरी शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, झोपण्याच्या जागेजवळ. आकडा ३५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) वर टिकून राहिला तर माणसं बाहेर काढा, पडदे उघडा, जाळ बंद करा. कारण नंतर शोधा. उघडी शेगडी किंवा धुरासकट हवा आत सोडणारा ड्रम कितीही स्वस्त पडला तरी नको.

नळ्यांच्या दोन्ही टोकांना बोल्ट काढून उघडता येतील अशी झाकणं द्या. ब्रश न जाणारी नळी दोन आठवड्यांत निकामी होते.

टप्पा ६: धुराडं

सात इंच व्यास, जाळीपासून सहा मीटर उंच, आणि शेडच्या कण्यापेक्षा किमान एक मीटर वर. ही उंची थंड रात्री साधारण २५ पास्कल ओढ देते, तेवढी पुरते. पहिला मीटर एमएसचा, पुढे जीआय चालेल. टोकाला टोपी आणि ठिणग्या अडवणारी जाळी. शेडच्या आतून नेऊ नका, बाहेरून न्या.

धूर १८० पेक्षा खूप थंड करण्याच्या मागे लागू नका. १२० च्या खाली गेला की त्यातली वाफ आणि डांबर धुराड्यातच जमतं.

टप्पा ७: ब्लोअर आणि हवेची वाट

४० किलोवॅट उष्णता ३८ अंशांच्या वाढीवर न्यायला तासाला ३,२०० घनमीटर हवा लागते, म्हणजे सुमारे १,९०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). सेंट्रीफ्यूगल ब्लोअर, २५० पास्कल दाबाला एवढी हवा देणारा, एक एचपी मोटर. भिंतीवरचा पाती-पंखा नळ्यांचा अडथळा सोसत नाही, त्याच्या पाटीवरच्या सीएफएमवर जाऊ नका.

ओढायची हवा तीन चतुर्थांश शेडमधली आणि एक चतुर्थांश बाहेरची. हा चौथा हिस्सा म्हणजेच आपण हिशेबात धरलेली ८०० घनमीटर ताजी हवा. ती तापून आत येते, शेडमध्ये किंचित दाब राहतो आणि फटींतून थंड वारा शिरत नाही. शेडच्या बाजूच्या तोंडाला जाळीचा फिल्टर हवा. पिसं आणि तुसाची धूळ गरम नळ्यांवर बसली की आधी करपट वास येतो, मग आग. फिल्टर रोज झटका.

शेडपासून किमान तीन मीटर दूर, पत्र्याच्या छपराखाली भट्टी ठेवा. जळणाचा साठा त्याच छपराखाली नको. तिथून १८ इंची डक्ट. पहिले तीन मीटर पत्र्याचा, वरून ग्लास वूल गुंडाळलेला. पुढे शेडच्या मधोमध सहा फुटांवर टांगलेली प्लास्टिकची भोकाची नळी. भोकं अडीच इंची, एकूण ६५ च्या आसपास, दोन्ही बाजूंना पावणेदोन फुटांवर एक, तोंड आडवं पण किंचित खाली झुकलेलं. झोत थेट पिल्लांवर नको. प्लास्टिकची नळी ७० अंशांच्या वर मऊ पडते, म्हणूनच ६५ ची मर्यादा धरली आहे.

टप्पा ८: वीज गेली तर

रात्री दोनला वीज जाते तेव्हा ब्लोअर थांबतो, पण जाळ थांबत नाही. नळ्यांची उष्णता नेणारं कुणी उरत नाही, आणि काही मिनिटांत पोलाद लाल होतं. म्हणून जाळीखालच्या हवेचं झाकण विजेच्या चुंबकाने उघडं धरलेलं ठेवा. वीज गेली की ते स्वतःच्या वजनाने पडून बंद होईल. जनरेटर असला तरी हे झाकण हवंच, कारण जनरेटर सुरू करायला माणूस जागा व्हावा लागतो.

बाकी नियंत्रण साधं. ब्लोअर नळ्यांजवळची हवा ५० अंशांवर गेली की सुरू, ३८ वर आली की बंद; त्यामुळे पेटवताना थंड झोत येत नाही आणि विझल्यावर उरलेली उष्णता वाया जात नाही. हवा ७० वर गेली की झाकण पडलं पाहिजे. शेडचा थर्मोस्टॅट पिल्लांच्या उंचीवर लावा. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला थर्मोस्टॅट तीन-चार अंश जास्त दाखवतो.

टप्पा ९: चाचणी, पिल्लं येण्याच्या आठवडाभर आधी

पहिली चाचणी थंड भट्टीवर. धुराड्याचं तोंड बांधा, ब्लोअर बंद ठेवा, पेटीत घमेल्यात थोडं ओलसर तूस धुमसवा आणि सगळी झाकणं लावा. मग डक्टचं शेडमधलं तोंड टॉर्चच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं बघा. धुराची एक रेघ दिसली तरी पुढे जाऊ नका. जोड शोधा, घासा, पुन्हा वेल्ड करा. ही चाचणी थोडे दिवस जाळ झाल्यावर परत करा, कारण तडे तापल्यानंतरच पडतात.

मग अस्तर वाळवणं. पहिल्या दिवशी काटक्यांचा लहान जाळ तीन तास, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, तिसऱ्या दिवशी अर्ध्या जोरावर. एकदम भडका दिला तर विटेतल्या पाण्याची वाफ जोड फोडून बाहेर येते.

शेवटी कार्यक्षमता मोजा. एक तास वजन करून लाकूड घाला, समजा १० किलो: ४२ किलोवॅट. ब्लोअरची हवा २७ वर आत आणि ५३ वर बाहेर, म्हणजे २६ अंश वाढ. ३,२०० घनमीटरला ती साधारण २७ किलोवॅट होते. २७ भागिले ४२, ६४-६५ टक्के, हिशेबाला धरून. ५० टक्क्यांच्या खाली आलं तर क्रमाने बघा: लाकूड ओलं आहे का, धूर २५० च्या वर निघतोय का, वरच्या हवेचं झाकण गरजेपेक्षा जास्त उघडं आहे का.

टप्पा १०: पिल्लं उतरल्यावर आणि हंगाम संपल्यावर

पिल्लं येण्याआधी किमान २४ तास शेड तापवा. हवा लवकर तापते, लिटर आणि जमीन नाही. लिटरचं तापमान २८ ते ३० झाल्याशिवाय क्रेट उघडू नका. नंतर दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी करत जा. आकड्यापेक्षा पिल्लांवर नजर ठेवा: गोळा होऊन चिवचिवाट म्हणजे थंडी, चोच उघडून कडेला पांगली म्हणजे उष्णता जास्त. रात्री लाकूड थोडं-थोडं आणि वारंवार घाला. पेटी गच्च भरून झाकण आवळून झोपायची सवय डांबराला आमंत्रण देते. दुपारी भट्टी सरळ विझू द्या. गरज पडली तर अर्धा तास जोरात पेटवून बंद करा.

नळ्या आठवड्यातून एकदा ब्रशने साफ करा. धुराचं तापमान रोज त्याच वेळी वहीत लिहा. १८० चं २२० झालं की ब्रशची वेळ आली.

फेब्रुवारीअखेर भट्टी बंद करताना राख पूर्ण काढा. लाकडाच्या राखेत क्षार असतात, पावसाळ्याच्या दमट हवेत ती ओल धरते आणि एका पावसाळ्यात नळीची खालची बाजू खाऊन टाकते. राख काढून नळ्या ब्रशने घासा, आतून जुन्या तेलाचा हात फिरवा, धुराड्याचं तोंड डबा पालथा घालून बांधा आणि ब्लोअरची मोटर काढून घरात ठेवा. ऑक्टोबरमध्ये पेटवण्याआधी धुराची चाचणी पुन्हा घ्या, आणि पहिला जाळ शेड रिकामी असताना, पडदे उघडे ठेवून करा, म्हणजे तेलाचा धूर निघून जाईल.